रेषेच्या वर की खाली

अण्णा,

फोनवर तुम्ही विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी राखून ठेवले होते. "वर की खाली, तेवढं सांग," असे तुम्ही म्हणालात, आणि मी भर समुद्रातून, वाऱ्याशी भांडत, "घरी येऊन सांगते," म्हणाले. तुम्ही हसलात. "बरं. तू येईपर्यंत कूलर काढत नाही." आपले शेवटचे बोलणे ते. मी घरी पोहोचले तेव्हा कूलर गच्चीच्या जिन्याखाली, जुन्या चादरीने झाकलेला, जागच्या जागी होता. तुम्ही नव्हता.

मनात असे काही राहून गेले की माणूस हळहळतो. मीही हळहळते. पण या दिवसांत रडू येण्याआधी दर वेळी मला थोडे हसू येते, कारण मी जिंकून आले होते, आणि ते ऐकण्याचा पहिला हक्क तुमचा होता. तेव्हा उत्तर सांगते, पण आधी सगळे नीट क्रमाने सांगते. तुम्हाला क्रम लागत असे.

विकास नगरच्या आपल्या गल्लीत माझे काम अजून कुणाला धड कळलेले नाही. लखनौहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच दूर. अशा गावातली एक चाळिशी उलटलेली सून, जी भाजीवाल्याशीसुद्धा खालच्या आवाजात बोलते, ती समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जाते, दोरीला लटकते आणि लाटा जिथे आपटतात तिथल्या लोखंडाचा गंज तपासते, ही गोष्ट शेजारच्या तिवारीजींच्या गळी उतरत नव्हती. "बहू समंदर में जंग छुड़ाने जाती है, भाईसाहब?" असे त्यांनी तुम्हाला कुंपणावरून विचारले होते. तुम्ही वेताच्या मोढ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. मान वर न करता म्हणालात, "छुड़ाने नहीं, पकड़ने." मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी होते. माझ्याविषयी कुणी इतक्या थोड्या शब्दांत इतके मोठे बोलल्याचे मी तोवर ऐकले नव्हते.

गंजाचे रसायनशास्त्र मी विद्यापीठात शिकले होते, त्यावर प्रबंध लिहिला होता. मग लग्न, सई, मिलिंदच्या बदल्या, आणि घरी येणाऱ्या मुलांच्या शिकवण्या, यांत तो प्रबंध कपाटात वरच्या फळीवर गेला. गंजाविषयी लिहिणे मला येत होते. गंजलेल्या वस्तूसमोर उभे राहून बोलणे मात्र मला तुम्ही शिकवलेत, आणि तेही एका कूलरसमोर.

होळी झाली की लखनौत घरोघरी कूलर बाहेर निघतात. टाकी घासायची, आतून डांबर फासायचे, खसाच्या, म्हणजे आपल्या वाळ्याच्या, नव्या ताट्या बसवायच्या, झाले. आपल्या घरात मात्र डांबराआधी टाकीची पाहणी होत असे, रेल्वेच्या पुलाची होते तशी. उभ्या आयुष्यात तुम्ही पुलांखाली उभे राहून वर पाहिले होते, आणि निवृत्तीनंतर पाहायला दुसरा पूल नव्हता. तुम्ही टाकी उन्हात आडवी करून ठेवायचात, आत डोके घालून बारीक भोकांतून येणारा उजेड शोधायचात, मग लहानशी हातोडी घेऊन पत्रा ठोकत जायचात, आणि जिथे आवाज बद्द यायचा तिथे खडूने गोल करायचात. एका पत्र्याच्या बाहेरून हातोडी आणि आतून तर्जनी, असे माझे बोट तुम्ही धरून ठेवले होते. "कान फसतो. बोट फसत नाही," म्हणालात.

सगळे संपले की निकाल. तो कागदावर नंतर. आधी तोंडाने, सगळ्यांसमोर. "पुलाचं पुलावरच बोलायचं," हा तुमचा नियम. ज्या माणसाने पाहिले त्याने तिथेच उभे राहून, ज्यांना त्या पुलावरून जायचे आहे त्यांना ऐकू जाईल असे बोलायचे. टाकी ठीक असेल तर तुम्ही "गाडी सोडा" म्हणायचात, आणि मग आईंनी नळ सोडायचा.

पहिल्या वर्षी तुम्ही निकाल माझ्यावर सोपवलात. आई, मिलिंद आणि सई अंगणात उन्हात उभे.

"मला वाटतं," मी म्हणाले, "कदाचित त्या कोपऱ्यात थोडं..."

"कोपऱ्यात काय?"

"म्हणजे बहुधा..."

"शुभदा, गाडी कदाचितवरून जात नाही. रुळांवरून जाते."

"मम्मी, बोल दो ना," सई म्हणाली. "धूप लग रही है यार."

"अहो, सून आहे ती. तुमची गँगमन नव्हे," आई तुम्हाला म्हणाल्या.

"म्हणूनच थांबलोय. गँगमनला एवढा वेळ दिला नसता."

मी डोळे मिटले आणि म्हणाले, "टाकी बाद." ती तेलीबागच्या लोहाराकडून तुम्ही स्वतः समोर बसून, हौसेने करवून घेतलेली टाकी होती. तुमचा चेहरा किंचित उतरला. आवाज मात्र उतरला नाही. "बाद तर बाद," म्हणालात, आणि त्याच संध्याकाळी टाकी रिक्षात घालून तेलीबागला निघालात. मी म्हटले आणि एक वस्तू जगातून बाद झाली, असे माझ्या बाबतीत त्याआधी घडले नव्हते. रात्री मला किती तरी वेळ झोप आली नाही. भीतीने नव्हे.

आपला वाद नव्या टाकीपासून सुरू झाला. तुमचे म्हणणे असे, की पाण्याची रेषा जिथे असते तिच्या जरा खाली पत्रा खाल्ला जातो. वर हवा भरपूर, खाली हवा कमी. त्या दोहोंच्या भांडणात मरतो तो रेषेखालचा. दर वर्षी तुम्ही मला टाकीत तो तपकिरी पट्टा दाखवायचात, बोटभर रुंद, अगदी रेषेखाली. माझे म्हणणे असे, की हे डबक्याचे शास्त्र झाले. समुद्रात पाणी स्थिर नसते. लाट वर चढते, उतरते, मीठ मागे ठेवते, ऊन ते सुकवते, पुन्हा लाट येते. तिथे सर्वांत जास्त मरते ते रेषेच्या वरचे लोखंड.

"समुद्र पाहिलायस का?" तुम्ही विचारायचात.

"वाचलाय."

"मग पाहून ये, आणि सांग."

आई आतून म्हणायच्या, "एका डब्यावर दोघं विद्वान भांडतायत आणि इकडे माझं वरण उतू गेलं."

"पाहून ये" हे तुम्ही इतक्या सहज म्हणालात, की ते अशक्य आहे हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला, आणि तोवर मी या नोकरीसाठी अर्ज केला होता. मुलाखतीत समोरच्या माणसाने माझे वय पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि विचारले की उंचीची सवय आहे का. मी नाही म्हणाले. ते खरेच होते. त्या दिवसापासून रोज सकाळी मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी चढू लागले आणि तुम्ही खाली मोढा टाकून बसू लागलात. आई जिन्यातून ओरडायच्या, "उतरवा तिला. लोक बघतायत." तुम्ही म्हणायचात, "बघू देत. तेवढीच त्यांनाही मान वर करायची सवय." मला तुम्ही एकदाही "घाबरू नकोस" म्हणाला नाहीत. "शिडीची तिसरी पायरी हलतेय का बघ," म्हणायचात. मी पायरीकडे पाहायचे आणि घाबरायचे राहून जायचे.

आता यंदाचे सांगते.

प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रात रोवलेले लोखंडी मचाण. त्याच्या पायांना लागून, समुद्रतळाकडून वर येणारी तेलाची एक जाड उभी नळी असते. लाटांनी ती हलू नये म्हणून जागोजागी तिला लोखंडी पट्टा आवळलेला असतो, दोन अर्धगोल, मध्ये रबर, बाजूच्या सांध्यांना बोल्ट. त्याला तिथे क्लॅम्प म्हणतात. माझ्या वाट्याला लाटांच्या पट्ट्यातला क्लॅम्प आला होता. ओहोटीला उतरायचे, भरतीच्या आधी वर यायचे. माझा दोरीवरचा जोडीदार बिजू. तो माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा, आणि मला "दीदी, आराम से" एवढेच म्हणायचा.

क्लॅम्पच्या वर नळीची जाडी मोजली, उत्तम. क्लॅम्पच्या खाली मोजली, उत्तम. आधीच्या पाहण्यांतही तसेच लिहिलेले होते. रंग ताजा, पिवळाधमक. तेल वाहत्या नळीवर हातोडी चालवता येत नाही, अण्णा. तुमची हातोडी मी घरीच ठेवली होती. पण बोट बरोबर होते. सांध्यावरून बोट फिरवले तर एका बाजूची फट दुसऱ्या बाजूपेक्षा रुंद लागली. दोन लोखंडांच्या मध्ये गंज धरला की तो फुगतो आणि दोघांना दूर ढकलतो, हे तुम्ही मला पुलाच्या जुन्या फोटोवर दाखवले होते. आणि मग मला तो ओघळ दिसला. बारीक, तपकिरी. तो सांध्याच्या तळातून येत नव्हता. सांध्याच्या मधोमध सुरू होत होता आणि तिथून खाली उतरत होता.

मी दोरीवर लटकून त्याच्याकडे पाहत राहिले. लाट आली, माझे बूट भिजवून गेली. ओघळ मधूनच का? तळाशी फट बंद असेल तर. आत पाणी साठून तिथवर चढत असेल, आणि तिथून सांडत असेल तर. आपल्या कूलरचा बॉल-व्हॉल्व्ह बिघडला होता, तेव्हा टाकीच्या बाहेर नेमका असाच ओघळ आला होता, सांडव्याच्या भोकापासून खाली. तुम्ही म्हणाला होतात, "डाग जिथे सुरू होतो तिथवर आत पाणी आहे."

"दीदी, क्या हुआ?" बिजूने विचारले.

"कूलर," मी म्हणाले. त्याला वाटले मला ऊन लागले आहे.

संध्याकाळी वर बैठक झाली. प्लॅटफॉर्मचे प्रमुख थॉमस साहेब, थकलेले आणि सभ्य. दोन दिवसांनी समुद्र खवळणार असल्याचा अंदाज होता, काम आटोपून सगळ्यांना निघायचे होते. क्लॅम्प उघडायचा म्हणजे त्या नळीचे तेल थांबवायचे, दाब उतरवायचा, माणसे थांबवून ठेवायची. आणि हे सगळे कुणाच्या सांगण्यावरून, तर पहिल्याच मोसमात आलेल्या एका बाईच्या.

"मैडम, ऊपर-नीचे दोनों रीडिंग अच्छी है न?"

"जी सर."

"तो बंद कर दें?"

मी तोंड उघडले. "सर, मुझे लगता है, शायद..." आणि थांबले. हिंदीतसुद्धा मला तोच शब्द सापडला होता, अण्णा. तो क्लॅम्प उघडला नाही, आणि पावसाळ्यात ती नळी तिथे फाटली, तर खालच्या मजल्यावर झोपणारी ती सगळी माणसे. बिजू त्यांतला एक. आणि उघडला, आणि आत काहीच नसले, तर पुन्हा मला कुणी दोरीवर चढवणार नाही, आणि माझी बोलण्याची ही पहिली वेळच शेवटची ठरेल. दोन्ही गोष्टी मला स्पष्ट दिसत होत्या. बंद खोलीत बसून मला ते बोलता येणार नव्हते, एवढेही स्पष्ट दिसत होते.

"सर, आप बाहर आइए," मी म्हणाले. "वहीं खड़े होकर बोलूँगी."

ते आले. बिचारे चहाचा कप हातात घेऊनच आले. त्यांच्या मागे बाकीचे. कठड्याशी, अगदी त्या क्लॅम्पच्या वर उभी राहून, वारा समोरून येत असताना मी म्हणाले, "सर, ये क्लैंप नहीं है, कूलर की टंकी है. इसमें पानी भरा है. अंदर नली खाई जा रही है. खोलना पड़ेगा."

"पक्का?"

"पक्का."

"कूलर की टंकी," थॉमस साहेब स्वतःशी म्हणाले. "मैडम, आप लखनऊ से हैं न? वहाँ समंदर कहाँ है?"

"कूलर है, सर."

कुणीतरी हसले. थॉमस साहेब हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "खोलो."

दुसऱ्या दिवशी दाब उतरवून क्लॅम्प उघडला. मी कठड्यावरून वाकून पाहत होते. अर्धगोल बाजूला झाला आणि आतून काळे पाणी धो धो पडले. रबर सोलून काढले तर नळीवर गंजाचे पापुद्रे, खारीच्या बिस्किटासारखे, एकावर एक. ते बाजूला केल्यावर जाडी मोजली. बिजूने आकडा वाचला, पुन्हा मोजला, आणि पुन्हा तेच वाचल्यावर वर माझ्याकडे पाहून हात जोडले, दोरीवर लटकल्या लटकल्या. तिथे नळीची भिंत इतकी पातळ उरली होती की खवळलेल्या समुद्राचा एक आठवडा तिला फोडायला पुरला असता.

अण्णा, ज्यांना लहानपणापासून मोठ्याने बोलता येते त्यांना हा आनंद कळणार नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे कामाला लागले. नळीची दुरुस्ती झाली, नवा क्लॅम्प बसला, आणि मी पुन्हा एकदा बोट फिरवून हो म्हटल्यावरच तेल सोडले गेले. तेव्हा मी, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "गाडी सोडा" म्हणाले. थॉमस साहेब जाता जाता म्हणाले, "मैडम, अगली बार पहले ही ज़ोर से बोलिएगा. मेरी चाय ठंडी हो गई थी."

त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. क्लॅम्प, पाणी, पापुद्रे, सगळे सांगितले. मग तुमचा आवाज आला: "वर की खाली, तेवढं सांग." शाबास वगैरे काही नाही. मला इतके बरे वाटले. शाबासकी मुलांना देतात. तुम्ही मला प्रश्न विचारलात.

मी सांगितले असते तर चार शब्दांचे काम होते. पण मला तुमचा चेहरा पाहायचा होता.

परतताना लखनौच्या चारबाग स्टेशनात गाडी थांबली. तुम्ही नेहमी फलाटाच्या अगदी टोकाला उभे राहायचात, कारण तिथून येणाऱ्या गाडीची चाके दिसतात. माणसे काय, उतरतातच, असे तुमचे मत. या वेळी त्या टोकाला मिलिंद उभा होता. तो कधी तिथे उभा राहत नाही.

"इथे का?" मी विचारले.

"माहीत नाही. पाय इकडेच आले."

आम्ही दोघे गाडी निघून जाईपर्यंत तिथेच उभे राहिलो, चाके पाहत. दुपारी जेवून झोपलात ते उठला नाहीत, एवढेच त्याने सांगितले.

काल आईंनीच विषय काढला. "तो कूलर काढा आता. ते गेले म्हणून उकडायचं थांबलंय का?" मिलिंदने टाकी अंगणात आणली. सईने विचारल्याशिवाय हातोडी आणून माझ्या हातात दिली. तिवारीजी कुंपणाशी येऊन उभे राहिले. मी टाकीत डोके घातले. डांबर, जुन्या पाण्याचा वास, आणि रेषेच्या खाली तो बोटभर रुंद पट्टा, तुम्ही दाखवायचात तिथेच. ठोकत गेले. सईने आतून बोट धरले. दोन ठिकाणी खडूने गोल केले, पुन्हा ठोकले, आणि उभी राहिले.

"टाकी ठीक आहे," मी म्हणाले.

"मोठ्यानं," आई म्हणाल्या. "डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं."

मग मी मोठ्याने म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे. टाकी ठीक आहे, अण्णा. हा उन्हाळा काढेल. आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर: क्लॅम्प समुद्राच्या रेषेच्या वर होता, मी म्हणत होते तसा. त्याच्या पोटात पाणी साठले होते, आणि नळी खाल्ली गेली होती त्या पाण्याच्या रेषेच्या जरा खाली, तुम्ही म्हणत होता तशी. वाद आपण दोघांनी जिंकला.

निकालानंतरचे दोन शब्द तुमचे असत, आणि ते कुणी म्हणायचे हे आमचे ठरलेले नव्हते.

आईंनी पदर खोचला, नळाशी गेल्या, आणि तुमच्याच आवाजात म्हणाल्या, "गाडी सोडा."